होस्टिंग खात्यावर पीएचपी कसं चालू करायचं, आणि चालत नसेल तर काय बघायचं

नागपूरच्या सीताबर्डीतल्या कोचिंग क्लासचा प्रवेशाचा फॉर्म असो की कळमन्याच्या व्यापाऱ्याची संत्र्याची ऑर्डर, भरलेली माहिती साठवायची तर सर्व्हरवर स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालायला हवी. नुसत्या एचटीएमएलनं ते होत नाही. साध्या शेअर्ड होस्टिंगवर ही स्क्रिप्ट बहुधा पीएचपी या भाषेत असते, आणि लिनक्स प्लॅनवर पीएचपी सहसा आधीपासून चालूच असतं. म्हणून सपोर्टला तिकीट टाकायच्या आधी ते खरंच बंद आहे का, हे तपासा.

नोटपॅडमध्ये नवी फाइल घ्या. पीएचपीचा सुरुवातीचा टॅग (डावा कोनी कंस, प्रश्नचिन्ह आणि पीएचपी) पूर्ण लिहा. त्यातला पीएचपी हा शब्द गाळला तर बऱ्याच सर्व्हरवर कोड चालत नाही. पुढे पीएचपीइन्फो हे फंक्शन, रिकामा कंस आणि अर्धविराम. सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट पीएचपी लिहा आणि टाइपमध्ये 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी जोडतं. ही फाइल 'पब्लिक_एचटीएमएल' फोल्डरमध्ये टाका आणि ब्राउझरमध्ये डोमेनच्या पत्त्यासह उघडा. खात्यात दुसरं डोमेन जोडलेलं असेल तर त्याचं फोल्डर वेगळं असतं. ते सीपॅनलच्या, म्हणजे होस्टिंग खातं सांभाळायच्या पॅनलच्या, 'डोमेन्स' पानावर दिसतं.

व्हर्जनसकट मोठा तक्ता दिसला, तर पीएचपी चालू आहे. पाहून झालं की फाइल लगेच काढून टाका, कारण सर्व्हरचे पाथ आणि सेटिंग त्यात जगाला उघड दिसतात. तक्त्याऐवजी कोडच दिसला किंवा फाइल डाउनलोड झाली, तर सर्व्हर तिला स्क्रिप्ट मानत नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे जुन्या होस्टकडून साइटसोबत आलेली, फोल्डरसाठी सर्व्हरची सेटिंग ठेवणारी एचटीअ‍ॅक्सेस फाइल. तिच्यात 'अ‍ॅडहँडलर'ची ओळ असते आणि ती नव्या सर्व्हरवर नसलेल्या हँडलरकडे बोट दाखवते. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये 'शो हिडन फाइल्स' केल्याशिवाय ही फाइल दिसत नाही. आधी तिची प्रत ठेवा, मग ती ओळ काढा. नंतर इन्कॉग्निटो खिडकीत बघा, कारण ब्राउझर जुनाच निकाल धरून बसतो.

आता व्हर्जन. सीपॅनलच्या 'सॉफ्टवेअर' भागात 'मल्टीपीएचपी मॅनेजर' उघडा, डोमेनवर टिक करा, व्हर्जन निवडा आणि 'अप्लाय' दाबा. सर्व्हरवर क्लाउडलिनक्स ही लिनक्स प्रणाली असलेल्या होस्टकडे 'सिलेक्ट पीएचपी व्हर्जन' असंही एक पान असतं. दोन्ही पानं असतील तर गोंधळ होतो: मल्टीपीएचपीत डोमेनला ठरावीक व्हर्जन बांधलेलं असेल, तर दुसऱ्या पानावरची निवड लागू होत नाही. मल्टीपीएचपीत 'इनहेरिट' ठेवा. 'सिलेक्ट पीएचपी व्हर्जन'मधल्या एक्स्टेन्शनच्या (पीएचपीच्या जोडसुविधांच्या) यादीत मायएसक्यूएलआय, पीडीओ_मायएसक्यूएल, एमबीस्ट्रिंग, कर्ल आणि जीडी यांच्यावर टिक आहे ना, तेही बघून घ्या.

पीएचपी ७.४ चे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले. ८.२ ला ते डिसेंबर २०२६ पर्यंत, ८.३ ला २०२७ पर्यंत आणि ८.४ ला २०२८ पर्यंत आहेत. नवी साइट ८.३ किंवा ८.४ वरच सुरू करावी. जुन्या साइटचं व्हर्जन मात्र आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या हंगामाच्या, ऐन धंद्यात बदलू नका. 'मायएसक्यूएल_कनेक्ट' सारखी जुनी फंक्शन ७.० पासून काढलेली आहेत. कोडमध्ये ती असली तर व्हर्जन बदलताक्षणी पान पांढरं पडतं.

पान पांढरं पडलं किंवा ५०० ची चूक आली, तर अंदाज बांधत बसू नका. त्याच फोल्डरमधली 'एरर_लॉग' फाइल उघडा. कारण ओळ क्रमांकासकट तिथे लिहिलेलं असतं. परवानग्याही (कोणाला वाचता-लिहिता येईल त्या) बघा: फाइलला ६४४, फोल्डरला ७५५. 'काही चालत नाही ना, मग ७७७ देऊन टाक' हा सल्ला फार फिरतो. पीएचपी खात्याच्या नावानं चालवणाऱ्या काही सर्व्हरवर नेमक्या ७७७ मुळेच ५०० येतो.

लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (लॅपटॉपलाच सर्व्हर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चाललेली साइट इथे अडते, त्याची कारणं साधी असतात. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल सारखंच, लिनक्सला वेगळं. झॅम्पमधला 'रूट' हा युजर आणि रिकामा पासवर्ड इथे चालत नाही. डेटाबेस आणि युजर दोन्ही सीपॅनलमध्ये बनवावे लागतात आणि त्यांच्या नावाआधी खात्याचं नाव लागतं. युजरला डेटाबेसशी जोडून 'ऑल प्रिव्हिलेजेस' देणं ही वेगळी पायरी आहे, आणि तीच सर्रास राहून जाते.

डेटाबेसमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर टेबल आणि कनेक्शन दोन्ही 'यूटीएफ८एमबी४' करा. एकच केलं तर उपयोग नाही. आधीच प्रश्नचिन्हं होऊन साठलेली नावं मात्र परत येत नाहीत.

मार्कशीटचा फोटो चढत नसेल तर 'मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर' उघडा. 'अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ' मुळात २ एमबी असतं आणि 'पोस्ट_मॅक्स_साइझ' ८ एमबी; मोबाइलचा फोटो सहज ४-५ एमबी होतो. पहिलं १० आणि दुसरं १२ ठेवा. दुसरी मर्यादा ओलांडली की सगळा फॉर्मच रिकामा पोचतो आणि भरणाऱ्याला कारण कळत नाही.

तिथेच 'डेट.टाइमझोन'मध्ये एशिया/कोलकाता भरा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल तर सकाळी ९ ची ऑर्डर ३:३० ची दिसते आणि मध्यरात्रीनंतर पहाटे ५:३० पर्यंतची नोंद आदल्या तारखेला जाते. डेटाबेसचं घड्याळ वेगळं असतं. कनेक्शन उघडल्यावर त्याला +०५:३० सांगावं लागतं.

एएसपी डॉटनेटची साइट असेल तर वरचं काही लागू नाही, सहसा विंडोज प्लॅन घ्यावा लागतो. गिटहब पेजेससारख्या फुकट जागी कुठलीच सर्व्हर स्क्रिप्ट चालत नाही. पर्लची जुनी सीजीआय स्क्रिप्ट असेल तर ती 'सीजीआय-बिन'मध्ये ७५५ परवानगीनं ठेवा आणि एडिटरमध्ये ओळींचा शेवट युनिक्स पद्धतीचा करून सेव्ह करा.

फॉर्मचा ईमेल स्पॅममध्ये जात असेल तर पीएचपीचं मेल फंक्शन सोडा आणि डोमेनच्याच मेलबॉक्सनं, ५८७ पोर्टवरून एसएमटीपी या ईमेल पाठवायच्या पद्धतीनं पाठवा. 'फ्रॉम'मध्ये ग्राहकाचा जीमेल पत्ता टाकू नका. तो 'रिप्लाय-टू'मध्ये जातो.