अमेरिकन बार असोसिएशनच्या सभागृहात राज्याचे वकील-प्रतिनिधी कसे नेमावेत

अमेरिकन बार असोसिएशन ही १८७८ साली न्यूयॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्ज येथे स्थापन झालेली वकिलांची ऐच्छिक राष्ट्रीय संघटना आहे. तिचे धोरण 'हाऊस ऑफ डेलिगेट्स' हे सुमारे ६०० प्रतिनिधींचे सभागृह ठरवते. १९३६ साली अस्तित्वात आलेले हे सभागृह वर्षातून दोनदा भरते. एक बैठक हिवाळ्यात, साधारणतः फेब्रुवारीत, आणि दुसरी उन्हाळ्यातील वार्षिक अधिवेशनात. राज्य वकील संघटनेच्या वाट्याला किती जागा येतात हे त्या राज्यातील वकिलांच्या संख्येवर ठरते, आणि त्या जागांवर कोणाला पाठवायचे हे ती संघटना ठरवते. भारतात अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार प्रत्येक राज्य बार कौन्सिल आपल्याच सदस्यांतून एकाला बार कौन्सिल ऑफ इंडियावर निवडून देते. त्यामुळे तिथून अमेरिकेत येऊन वकिली करणाऱ्या आणि आता एखाद्या राज्य संघटनेच्या नियामक मंडळावर असणाऱ्या मराठी वकिलाला नेमणुकीची ही पद्धत सुरुवातीला सैल वाटण्याची शक्यता आहे. ती सैल नाही, पण ती नीट चालवण्याची जबाबदारी बरीचशी मंडळावरच येते.

सर्वांत आधी जागा भरण्याची सूचना काढावी. तीत किती जागा रिकाम्या होणार आहेत, मुदत किती (सामान्यतः दोन वर्षे), अर्ज कोणत्या तारखेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि प्रवासखर्च कोण व किती देणार, हे स्पष्ट लिहावे. पद विनावेतन आहे हे सगळे जाणतात, पण दोन अधिवेशनांचा विमानप्रवास आणि हॉटेल यांचा भार खिशातून उचलावा लागणार असेल, तर छोट्या गावात एकट्याने वकिली करणारा माणूस अर्जच करत नाही आणि जागा पुन्हा मोठ्या फर्ममधल्या वकिलांकडे जाते. खर्चाची तरतूद अर्जदार मिळवण्यासाठी जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व संपूर्ण मुदतभर चालू असणे आवश्यक आहे, हेही सूचनेतच सांगावे, म्हणजे निवड झाल्यावर धावपळ होत नाही.

येथे एक गोंधळ हमखास होतो. 'स्टेट डेलिगेट' हा वेगळा प्रतिनिधी असतो. त्याला त्या राज्यातील राष्ट्रीय संघटनेचे सदस्य निवडून देतात आणि तो पदाधिकाऱ्यांची नावे सुचवणाऱ्या समितीवर बसतो. राज्य संघटना नेमते तो तिचा स्वतःचा प्रतिनिधी. सूचनेत दोन्ही पदांचा उल्लेख सरमिसळ झाला, तर अर्जदार चुकीच्या अपेक्षेने येतात.

नावे पाहण्यापूर्वी मंडळाने एक प्रश्न लेखी निकाली काढावा: प्रतिनिधीने मंडळाच्या सूचनेनुसार मत द्यायचे की स्वतःच्या विवेकाने? हा प्रश्न मोकळा ठेवला, तर पहिल्याच वादग्रस्त ठरावावर तंटा उभा राहतो. ज्या राज्यांत वकिली करण्यासाठी राज्य संघटनेचे सदस्य होणे सक्तीचे आहे, तेथे तो अधिक नाजूक आहे. 'केलर विरुद्ध स्टेट बार ऑफ कॅलिफोर्निया' या १९९० च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सक्तीची वर्गणी वकिली व्यवसायाचे नियमन किंवा विधिसेवांची गुणवत्ता सुधारणे यांच्याशी संबंध नसलेल्या राजकीय वा वैचारिक कामांवर खर्च करता येत नाही. सभागृहात मात्र व्यवसायाच्या कक्षेबाहेरचे सार्वजनिक विषयही ठरावरूपाने येतात. म्हणून अशा संघटनेने नेमणुकीच्या पत्रातच लिहावे की कोणत्या विषयांवर प्रतिनिधी संघटनेच्या नावाने बोलू शकतो, कोठे त्याने व्यक्तिगत मत असे स्पष्ट सांगायचे, आणि मंडळाने भूमिका घेतलेली नसेल तर काय करायचे. शंका असल्यास संघटनेच्या विधि सल्लागाराकडून मसुदा तपासून घ्यावा.

निवड करताना केवळ ज्येष्ठता पाहू नये. प्रत्येक ठरावासोबत एक अहवाल जोडलेला असतो. सभागृहाने ठराव संमत केला की धोरण होते ते ठरावातील वाक्य, अहवालातील विवेचन नव्हे. म्हणून ठरावाचा एकेक शब्द तपासणारा, गरज पडल्यास दुरुस्ती सुचवणारा आणि बैठकीपूर्वी सगळे कागद वाचणारा माणूस हवा. सभागृहात बोलायचे असेल तर सामन माशाच्या रंगाच्या, म्हणजे फिकट केशरी-गुलाबी, चिठ्ठीवर नाव आणि बाजू लिहून द्यावी लागते. तेथे वेळ थोडा मिळतो, त्यामुळे मोजके बोलण्याची सवय उपयोगी पडते. १९८३ साली संमत झालेले व्यावसायिक वर्तनाचे आदर्श नियम याच सभागृहातून आले आणि पुढे बहुतेक राज्यांच्या नियमांचा आधार बनले, हे लक्षात घेतले म्हणजे अभ्यासू प्रतिनिधीची किंमत कळते. सर्व जागा एकाच शहराकडे, एकाच प्रकारच्या व्यवसायाकडे जाऊ नयेत, आणि निदान एका तरुण वकिलाचा विचार जरूर व्हावा.

मंडळाने ठराव करून नावे निश्चित केली की ती राष्ट्रीय संघटनेला वेळेत लेखी कळवावीत. प्रत्येक बैठकीनंतर प्रतिनिधीने एक-दोन पानांचे टिपण मंडळाला द्यावे: राज्यातील वकिलांवर परिणाम करणारे ठराव कोणते, त्यावर मत कसे दिले आणि का. हे टिपण सर्व सदस्यांना उपलब्ध ठेवावे. मुदतीच्या मध्येच कोणी राजीनामा दिला तर पुढच्या बैठकीपर्यंत खुर्ची रिकामी राहू नये, यासाठी पहिल्या फेरीतील उरलेल्या चांगल्या अर्जदारांची यादी त्यांच्या संमतीने जपून ठेवावी आणि नवी नेमणूक फक्त उरलेल्या मुदतीपुरतीच करावी.