दुसरा रविवार, सकाळी दहा: गावात प्रोग्रामिंगचा कट्टा कसा चालवायचा

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब बघते. व्याजाचे तक्ते हातानं करून करून कंटाळले, म्हणून 2016 मध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली आणि मग ती सुटलीच नाही. 2018 पासून आम्ही हौशी मंडळी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भेटतो. मिरज, विटा, तासगावकडचे लोक विचारतात, ‘ताई, आमच्याकडेही सुरू करायचंय, काय काय लागतं?’ त्यांच्यासाठी एकदा सगळं लिहून ठेवते.

आधी वार ठरवा आणि तो हलवू नका. सगळ्यांच्या सोयीची तारीख शोधायला बसलात की भेट होतच नाही. महिन्याचा पहिला आठवडा हिशेबाच्या माणसांना जड जातो, म्हणून आम्ही दुसरा रविवार धरला. पावसाळ्यात एकदा तिघंच होतो, तरी बसलो. 11 ऑगस्ट 2019 हाही महिन्याचा दुसरा रविवार होता, पण सांगली पुराच्या पाण्यात होती. त्या दिवशी आमच्यातले काहीजण लोकांना जेवण पोचवत होते. तो महिना आणि कोरोनाचा काळ सोडला तर खंड नाही. वेळ सकाळी 10 ते 1. तालुक्याहून एसटीनं येणारी मुलंमुली दुपारी घरी पोचली पाहिजेत, म्हणून एकला उठायचं म्हणजे उठायचं.

जागा बघायला जाल तेव्हा सर्वांत आधी स्वच्छतागृह बघा. ते धड नसेल तर मुली आणि बायका एकदा येतील, दुसऱ्यांदा येणार नाहीत. आम्ही सुरुवातीला चार महिने एका खासगी क्लासमध्ये बसायचो. जागा चांगली होती, पण पाचव्या महिन्यात प्रत्येक बाकावर फीचं पत्रक ठेवलेलं दिसलं आणि आम्ही तिथून उठलो. आता वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतो. कार्यकारिणीला रीतसर अर्ज दिला, दर भेटीनंतर खोली झाडून किल्ली परत करतो, आणि वर्षातून एकदा वाचनालयाच्या पुस्तकांची यादी संगणकावर नीट लावून देतो. भाडं कुणी मागितलेलं नाही.

विजेचा हिशेब आधीच करा. लॅपटॉपचा चार्जर साधारण 65 वॅटचा धरला तर 15 लॅपटॉपचे 975 वॅट होतात. घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्टला फार तर 1,380 वॅट निघतात. त्यातच कुणी दीड हजार वॅटची चहाची किटली लावली की खटका पडणारच. आमचा पडला, आणि बॅटरी गेलेल्या जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या एका मुलाचं तासाभराचं काम गेलं. तेव्हापासून दोन वेगळ्या सॉकेटवर दोन बोर्ड असतात आणि चहा खालच्या टपरीवरून थर्मासमध्ये येतो. सोबत भडंग. ते खाऊन हात पुसल्याशिवाय कीबोर्डला हात लावायचा नाही.

इंटरनेटवर विसंबू नका. एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दहाजण एकदम पायथन उतरवायला लागले की सकाळ त्यातच जाते. पेनड्राइव्हवर दोन गोष्टी ठेवा: थॉनी हे प्रोग्राम लिहायचं सोपं साधन, कारण त्याच्यासोबत पायथन आपोआप येतं, आणि पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका, जी ऑफलाइन वाचायला उतरवून घेता येते.

आता भेटीत करायचं काय? माझं सगळ्यात जास्त सांगणं इथंच आहे. भेट व्याख्यानासाठी ठेवू नका, अडकलेल्या प्रोग्रामसाठी ठेवा. व्याख्यानं घरबसल्या हवी तेवढी मिळतात. पण आपला प्रोग्राम का चालत नाही हे शेजारी बसून बघणारं माणूस तालुक्याच्या गावात मिळत नाही, आणि लोक त्यासाठीच येतात.

आमची पद्धत जुनीच आहे. कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लब म्हणून हौशी लोकांचं मंडळ होतं. त्यांची पहिली भेट 5 मार्च 1975 ला मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये झाली. पुढे ली फेल्सेन्स्टाइन बैठका चालवायचे. आधी प्रत्येकानं उभं राहून आपल्याकडे काय आहे आणि काय हवंय ते सांगायचं. मग सभा मोकळी सोडायची, आणि ज्याला जो हवा तो त्याला गाठायचा. अ‍ॅपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझनियॅकही त्याच मंडळातले. हे वाचल्यावर मी ते जसंच्या तसं उचललं. पहिली 20 मिनिटं गोलात बसायचं आणि एकेकानं सांगायचं: ‘मी हे करतोय, इथं अडकलोय.’ नंतर एकजण 20 मिनिटं आपलं काम दाखवतो. मग चहा. त्यानंतर एकपर्यंत दोघादोघांनी अडकलेल्या प्रोग्रामवर बसायचं.

या बसण्याला एकच नियम आहे, आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही. कीबोर्ड ज्याचा प्रोग्राम त्याच्याच हातात राहील. मदत करणाऱ्यानं बोलायचं, विचारायचं, पण टाइप करायचं नाही.

का, ते सांगते. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. भजनी मंडळाच्या वर्गणीची यादी फाइलमध्ये लिहायचा प्रोग्राम त्यांनी केला होता. इंग्रजी नावं नीट जायची, मराठी नाव आलं की बंद. तीन मुलं एकदम उठली. मी त्यांना खाली बसवलं आणि डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी गुरुजींशेजारी बसली.

‘गुरुजी, सगळ्यात खालची ओळ मोठ्यानं वाचा.’

त्यांनी वाचली: ‘युनिकोडएन्कोडएरर.’

‘म्हणजे काय लिहिता येत नाहीये?’

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘देवनागरी.’

झालं होतं असं, की फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या आकड्यांत साठवायची ते, सांगितलंच नव्हतं. त्यामुळे विंडोजनं आपलं जुनं ठरलेलं एन्कोडिंग लावलं, आणि त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. गुरुजींनी स्वतःच्या हातानं तिथं यूटीएफ-8 हे देवनागरीही चालणारं एन्कोडिंग लिहिलं. फाइल तयार झाली, पण एक्सेलमध्ये उघडली तर नावांच्या जागी भलतीच चिन्हं. पुन्हा शोधाशोध. यूटीएफ-8-सिग लिहिलं की फाइलच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि त्यावरून एक्सेलला लिपी कळते. चाळीस मिनिटं गेली. त्या मुलीनं स्वतः टाइप केलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. पण आज नव्या माणसाची मराठी फाइल अडकली की गुरुजीच शेजारी जाऊन बसतात, आणि सुरुवात करतात ती ‘खालची ओळ मोठ्यानं वाचा’ अशीच.

दाखवायचे विषय मोठे नकोत. आमच्याकडे सगळ्यात रंगलेला विषय म्हणजे ‘नमस्ते’ या शब्दात किती अक्षरं. आपण तीन मोजतो, पायथन सहा सांगतं, कारण स, हलन्त, त आणि मात्रा ही सगळी त्याच्या लेखी वेगवेगळी आहेत. तोच शब्द उलटा करायला सांगितला की एकार सुटून सर्वांत पुढे येतो. ‘१२’ असं मराठीत लिहून त्याचा पूर्णांक मागितला तर मात्र बरोबर बारा मिळतात. हे बघून शाळकरी मुलांचे डोळे चमकतात. न जमलेलं कामही दाखवू द्या. तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारानं फळछाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगाचा धोका आधी कळावा म्हणून आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र केलं होतं, पण मधूनच आकड्याऐवजी ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, असं यायचं. सेन्सरपर्यंतची वायर फार लांब होती. हे भर सभेत सापडलं, आणि त्या दिवशी कुणी चहालासुद्धा उठलं नाही.

पहिल्यांदा येणाऱ्यासाठी दारात एक माणूस उभा ठेवा. त्यानं नवख्याला नाव विचारायचं, शेजारी बसवायचं आणि जाण्याआधी पाच ओळींचा का होईना, स्वतःचा प्रोग्राम चालवायला लावायचा. बोलणं मराठीतच. लूपला लूप म्हणा, फंक्शनला फंक्शन म्हणा, पण समजावताना घरच्या भाषेत समजावा.

पैसे फार लागत नाहीत. डब्यात ज्यानं त्यानं 20 रुपये टाकायचे, विद्यार्थ्यांनी टाकायचे नाहीत. आठवण करून देणारा निरोप एकच, गुरुवारी.

आणि दोनशे पानी वही ठेवा. तारीख, हजेरी, काय अडकलं, कशानं सुटलं. उजवीकडचं पान न सुटलेल्यांसाठी ठेवायचं, पुढच्या भेटीत गोलात बसलो की तेच आधी वाचायचं. सध्या त्या पानावर वाचनालयाच्या यादीचं काम आहे. अकारविल्हे लावताना संगणक ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी बसवतो, त्यामुळे ‘बाळ’ हा शब्द ‘बास’च्या आधी येतो. ग्रंथपालांना आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘ळ’ ‘ह’च्या नंतर हवाय. त्याच्यासाठी गुरुजी आणि ती डिप्लोमाची मुलगी दोघं मिळून अक्षरांचा क्रम कागदावर मांडून आणणार आहेत.