एनबीए ड्राफ्टचा वयाचा नियम: हिशोब करताना या चुका टाळा

अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉल स्पर्धा एप्रिलमध्ये संपते आणि लगेच एनबीए ड्राफ्टचे, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचे संघ नव्या खेळाडूंना क्रमाने निवडतात त्याचे, अंदाज सुरू होतात. सोबत वयाचे चुकीचे हिशोबही येतात. ‘ड्राफ्टच्या दिवशी एकोणीस पूर्ण पाहिजेत’, ‘एक वर्ष कॉलेज करावंच लागतं’, ‘ड्राफ्टला नाव दिलं की कॉलेज सुटलं’ ही वाक्यं इतकी सर्रास ऐकू येतात की ती नियमात लिहिलेलीच आहेत असं वाटावं. तिन्ही चुकीची आहेत.

वाढदिवस पाहू नका, साल पाहा

ज्या वर्षी ड्राफ्ट आहे, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूला १९ पूर्ण व्हायला हवीत. ड्राफ्टच्या दिवशी नव्हे. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला ३१ डिसेंबरची तारीख धरतात आणि डिसेंबरातलं मूल वर्गात सर्वांत लहान ठरतं, तसाच हा मामला आहे.

कूपर फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६चा. २५ जून २०२५ला डॅलस मॅव्हरिक्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा तो साडेअठरा वर्षांचा होता. पुढचा मोसम सुरू झाला तेव्हाही अठराचाच. हाच मुलगा अकरा दिवस उशिरा, १ जानेवारी २००७ला जन्मला असता, तर त्याला २०२६ची वाट पाहावी लागली असती. उलट बाजूने व्हिक्टर वेम्बन्यामा पाहा. जन्म ४ जानेवारी २००४. चार दिवसांनी २०२२चा ड्राफ्ट हुकला, फ्रान्समध्ये आणखी एक मोसम काढावा लागला आणि २०२३मध्ये सॅन अँटोनियोने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. वेम्बन्यामाचं काही बिघडलं नाही. पण त्या जादाच्या वर्षात गुडघा गेला असता तर, हा विचार अशा प्रत्येक घरात होतोच.

एक अट बसली म्हणून खूश होऊ नका

अमेरिकन खेळाडूला दुसरीही अट आहे: त्याची हायस्कूलची बॅच बाहेर पडून एनबीएचा किमान एक मोसम उलटलेला हवा. हिशोब बॅचचा आहे, त्यामुळे शाळा मध्येच सोडून वर्ष वाचत नाही.

मग बरेच जण शाळेतच एक वर्ष पुढे सरकतात. फ्लॅग मुळात २०२५च्या बॅचचा. तो २०२४च्या बॅचमध्ये गेला, ड्यूक विद्यापीठाकडून एक वर्ष खेळला आणि दोन्ही अटी एकाच उन्हाळ्यात जुळल्या. तो पुढे सरकला नसता, तर जन्मसाल बसत असूनही २०२५मध्ये त्याला कुणी निवडू शकलं नसतं.

एमोनी बेट्सच्या बाबतीत नेमकं उलटं झालं. शाळेत असतानाच त्याचा प्रचंड गाजावाजा झाला होता. तोही २०२२च्या बॅचमधून २०२१मध्ये सरकला आणि मेम्फिस विद्यापीठात गेला. पण त्याची जन्मतारीख २८ जानेवारी २००४. म्हणजे २०२२च्या अखेरीस तो अठराचाच राहणार होता. बॅचची अट सुटली, वयाची आडवी आली. मेम्फिसचं वर्ष दुखापतीत गेलं, मग ईस्टर्न मिशिगनला बदली आणि २०२३मध्ये थेट ४९वा क्रमांक. शाळेत वर्ष उडी मारण्याआधी जन्मतारीख आणि कॅलेंडर शेजारी ठेवून पाहिलं असतं, तर त्या उडीने ड्राफ्ट एक दिवसही अलीकडे येत नाही, हे दोन मिनिटांत कळलं असतं.

कॉलेज सक्तीचं समजू नका

एक वर्ष थांबायचं आहे, कुठे थांबायचं हे नियम सांगत नाही. ब्रँडन जेनिंग्ज २००८मध्ये रोमला जाऊन खेळला. लमेलो बॉल ऑस्ट्रेलियात खेळून २०२०मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. आपला सतनाम सिंग भामरा २०१५मध्ये फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमीतून, कॉलेज किंवा व्यावसायिक लीग न खेळता, ५२व्या क्रमांकावर डॅलसकडे गेला. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय.

पण या जुन्या वाटांचे सल्ले आता जपूनच घ्या. एनबीएच्या जी लीग या दुय्यम लीगने अशा मुलांसाठी काढलेला इग्नाइट संघ २०२४मध्ये बंद झाला. मुख्य म्हणजे ‘कॉलेजात फुकट खेळावं लागतं’ हा मुद्दाच उरला नाही. जुलै २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घेऊ शकतात आणि २०२५–२६पासून कॉलेजं थेट पैसे देऊ लागली आहेत. पैशांसाठी परदेशी जा, हा पंधरा वर्षांपूर्वीचा सल्ला आज बहुतेकांना तोट्याचाच पडेल.

एनसीएएला शिव्या घालू नका

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था. निदान या नियमासाठी तरी तिला दोष नको. ही वयाची अट एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २००५च्या करारातून आली. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांना वीस हवी होती, तडजोड एकोणीसवर झाली आणि २०२३च्या करारातही ती तशीच राहिली. त्याआधी कोबी ब्रायंट, केव्हिन गार्नेट, लेब्रॉन जेम्स शाळेतून सरळ आले होते. मुलांच्या भल्यासाठी अट आहे, असं सांगितलं जातं. मला विचाराल तर पहिला फायदा संघांचा आहे: कोट्यवधी डॉलर लावण्याआधी मुलाला वर्षभर तगड्या खेळाडूंसमोर पारखता येतं, तेही दुसऱ्याच्या खर्चाने.

दोन मुदती एक समजू नका

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही, आणि तिचा वयाशी काही संबंध नाही. वय बसलं, नाव दिलं, तरी नाव मागे घेऊन कॉलेजला परतता येतं. फक्त मागे घेण्याच्या तारखा दोन असतात. २०२५मध्ये एनसीएएची मुदत २८ मे होती आणि एनबीएची १५ जून. दुसरी तारीख बघून निवांत बसलेल्या कॉलेज खेळाडूचं एनबीएच्या दप्तरातलं नाव निघेल, पण कॉलेजच्या मोसमात परतण्याचं दार २८ मेलाच लागलेलं असेल. कॉलेजच्या मुलाने पहिलीच तारीख खरी धरावी.

एजंटचंही तसंच. २०१८पासून एनबीएच्या सल्लागार समितीकडून आपण कितव्या फेरीत निवडले जाऊ याचा अंदाज मागवणाऱ्या कॉलेज खेळाडूला एजंट नेमता येतो, पण तो एनसीएएने मान्यता दिलेला हवा आणि परत जाताना करार संपवावा लागतो. ओळखीतला कुणी ‘मी बघतो’ म्हणाला म्हणून सही करू नये. शिवाय नाव दोनदाच मागे घेता येतं, म्हणून नुसती हवा बघायला पहिल्याच वर्षी नाव देण्यात एक संधी खर्ची पडते.

समितीचा अंदाज ‘दुसरी फेरी’ असा आला, तर त्याचा अर्थ नीट घ्या. पहिल्या फेरीतल्या निवडीला ठरलेल्या पगारपत्रकाप्रमाणे करार मिळतो आणि पहिल्या दोन वर्षांची हमी असते. दुसऱ्या फेरीत अशी हमी नियमाने मिळत नाही, संघाशी घासाघीस करून जे पदरात पडेल ते.

मुलींना हाच नियम लावू नका

डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगची चौकट वेगळी. २०२०च्या करारात, आणि त्याआधीच्याही, अमेरिकन खेळाडूसाठी त्या कॅलेंडर वर्षात २२ पूर्ण होणं, किंवा पदवी, किंवा हायस्कूलनंतर चार वर्षं, असे पर्याय होते. तिथेही साल मोजायचं. सप्टेंबर १९९७ची जॅकी यंग २०१९मध्ये नोत्र दाम विद्यापीठातून एक वर्ष आधीच बाहेर पडली आणि पहिल्या क्रमांकावर निवडली गेली.

पासपोर्टवर विसंबू नका

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांसाठी हे महत्त्वाचं. ‘आंतरराष्ट्रीय’ खेळाडूला बॅचची अट नसते, फक्त जन्मसाल पाहतात, आणि ज्या वर्षी २२ पूर्ण होतात त्या वर्षी तो अर्ज न करताच ड्राफ्टला पात्र होतो. पण आंतरराष्ट्रीय म्हणजे भारतीय पासपोर्ट नव्हे. मुलाने अमेरिकेत हायस्कूल पूर्ण केलं असेल किंवा तिथल्या कॉलेजात नाव घातलं असेल, तर पासपोर्ट कुठलाही असो, त्याला अमेरिकन मुलाचेच नियम लागतात. पुण्यात नववीपर्यंत शिकून पुढे तिकडे गेलेल्या मुलाचाही हिशोब तिथल्या बॅचवरूनच होईल, त्यामुळे शाळा त्याला कोणत्या इयत्तेत बसवते हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.