मुलांना सायन्सची गोडी लावायची तर आधी हात चालू द्या, गोष्ट मधेच सांगा

आमच्याकडे गोव्यात मुलांना सायन्सची आवड लावायची म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या, एक म्हणजे मिरामारच्या सायन्स सेंटरची सहल आणि दुसरं म्हणजे २८ फेब्रुवारीचं सायन्स डेचं भाषण, ज्यात पोरगी "थोर शास्त्रज्ञ अमुक यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला" असं घडाघडा म्हणून टाळ्या घेऊन खाली बसते. सहल चांगलीच, माझं काही म्हणणं नाही, पण घरी आल्यावर पुढे काय? आणि ते थोर-गरीब-जिद्द वालं भाषण ऐकून कुठल्या मुलाने स्क्रूड्रायव्हर हातात घेतलाय असं मला तरी दिसलेलं नाही.

सुट्टीत वाड्यावरची मुलं जमवून मी जे करते ते सोपं आहे. आधी काहीतरी करायला द्यायचं. करता करता मूल कुठेतरी अडतंच, तिथे लगेच उत्तर द्यायचं नाही, आणि त्याच जागी पूर्वी कोण अडला होता त्याची गोष्ट सांगायची. मग ती गोष्ट मुलांना आपल्या कामाची वाटते. साधारण ८ ते १३ वयाला हे मस्त चालतं, त्याहून लहान असतील तर नुसतं खेळू द्या.

सुरुवातीला इलेक्ट्रोमॅग्नेट, म्हणजे विजेवर चालणारं चुंबक करा, कारण सामान स्वस्त आणि अडायची जागा हमखास. चार इंची लोखंडी खिळा, टॉर्चचा मोठा सेल, थोड्या टाचण्या आणि तांब्याची वाइंडिंग वायर. ही वायर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते, उरलेला तुकडा तो बऱ्याचदा फुकट पण देतो. खिळ्यावर ती एका दिशेने घट्ट गुंडाळायची, ५०-६० वेढे, दोन्ही टोकं मोकळी ठेवून सेलला लावायची आणि खिळा टाचण्यांजवळ न्यायचा. काहीच होत नाही! मुलं सेल बदलतात, वेढे वाढवतात, एकमेकांवर ओरडतात, ओरडू द्या. शेवटी कोणाच्या तरी लक्षात येतं की वायरवर काहीतरी चकचकीत थर आहे. तो वार्निशसारखा इनॅमलचा थर, टोकांना सँडपेपरने खरवडून काढला की टाचण्या टपाटप चिकटतात. (सेल सलग लावून ठेवू नका, वायर चटका बसेल इतकी तापते, पाच-दहा सेकंद बास.)

आता पुढचा प्रश्न मुलंच विचारतात, "मावशी, खरवडायचंच होतं तर तो थर मारला कशाला?" हीच गोष्टीची वेळ. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन म्हणून एक जण होता, आधी चांभाराकडे उमेदवारी केलेला, मग सैन्यात गेलेला. त्याने १८२५ च्या सुमाराला नालेसारखं वाकवलेलं लोखंड घेतलं आणि त्यावर उघडी तांब्याची तार गुंडाळली. उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर वीज मधूनच पळते, वेढ्यांतून फिरतच नाही, म्हणून त्याने लोखंडाला वार्निश मारलं आणि वेढे लांब लांब ठेवले. त्यामुळे जेमतेम १८ वेढे बसले. तरी साधारण २०० ग्रॅमच्या लोखंडाने ४ किलो उचलले. मग अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या शाळेत शिकवणारा जोसेफ हेन्री, त्याने लोखंड सोडून तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता तारा एकमेकींना खुशाल टेकू देत, थरावर थर चढवा. १८३१ साली त्याच्या एका मॅग्नेटने ९०० किलोच्या वर वजन उचललं. इतकी गोष्ट सांगायची आणि गप्प बसायचं. मुलं आपणहून दुसरा थर गुंडाळायला घेतात. वहीत दोन खाने आखून द्या, वेढे किती आणि टाचण्या किती, बाकी काही लिहायला लावू नका नाहीतर शाळा सुरू झाली म्हणून पळतील.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, आणि हा खास आपला गोव्याचा, मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. दिवाडी, चोडण, कुडतरी, जिथे खाजन शेती आहे तिथल्या मुलांनी मानस रोज बघितलेला असतो आणि तो काय करतो ते विचारलं की खांदे उडवतात. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन, भोवती बांध, आणि बांधात लाकडी दारांचा मानस. भरती आली की दार आपोआप बंद, खारं पाणी शेतात शिरत नाही, ओहोटीला आपोआप उघडतं आणि आतलं पाणी बाहेर जातं. माणूस नाही, मोटर नाही.

मॉडेल असं करायचं. आइस्क्रीमचा लांबट डबा घ्या, साबणाने नीट धुवा कारण तेलकट राहिला तर माती धरत नाही. मधोमध चिकणमातीचा बांध घाला, चांगला जाड, डब्याच्या भिंतींना दाबून. बांधातून इंचभर रुंदीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा आरपार बसवा. नदीच्या बाजूचं पाइपचं तोंड किंचित तिरकं कापायचं, खालची कड पुढे आणि वरची मागे, म्हणजे पडदा स्वतःच्या वजनाने तोंडावर टेकून राहतो. पडद्याला फुग्याचं रबर फार हलकं पडतं, सायकलच्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा बरा, तो फक्त वरच्या बाजूने इलेक्ट्रिकवाल्याच्या टेपने चिकटवायचा. माती थोडी सुकू द्या. मग नदीच्या बाजूला रंगीत पाणी ओता, पडदा पाइपवर चिकटून बसतो आणि शेत कोरडं राहतं. नदीचं पाणी काढून शेतात पाणी ओता, पडदा उचलला जातो आणि पाणी भळाभळा बाहेर.

पहिल्या खेपेला बहुतेक गळणार. पाइपच्या कडेने गळतंय की पडद्यातून ते मुलांना शोधू दे, पाण्यात निळा रंग (कपड्यांची नीळ चालते) घातला असेल तर लगेच दिसतं. कोणी पडदा चुकून शेताच्या बाजूला लावतो, मग सगळं उलटं होतं, भरतीत शेत बुडतं, आणि ते बघून मुलांना जे कळतं ते माझ्या शंभर वाक्यांनी कळलं नसतं. इथे गोष्ट सांगायला एक नाव नाही. मानस कोणी शोधला ते कोणत्या पाटीवर लिहिलेलं नाही, गावकरीतल्या, म्हणजे गावची जमीन एकत्र सांभाळायच्या जुन्या व्यवस्थेतल्या लोकांनी मिळून बांध घातले, फुटले तर परत घातले, खाऱ्या जमिनीत टिकणारा कोरगुट भात लावला, पिढ्यानपिढ्या सुधारत नेलं. शोध म्हणजे पेटंट आणि फोटो एवढंच मुलांच्या डोक्यात असतं, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम लवकर सांगते. जमलं तर ओहोटीला खरा मानस बघायला न्या, मोठं माणूस बरोबर हवंच आणि बांधावरून पळापळ नको. काठावर खूण करून दुसऱ्या दिवशी भरती कधी येते बघायला सांगा, सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, का ते चंद्राला विचारा!

मानस जमला की लगेच पुढची उडी मारता येते. तुमच्या छातीत असे चार पडदे आहेत सांगितलं की मुलं आधी हसतात. मग वर्तमानपत्राची किंवा कार्डशीटची घट्ट नळी करायची, एक टोक दोस्ताच्या छातीवर आणि दुसऱ्याला कान. लब-डब ऐकू येतं तो त्या झडपा मिटल्याचा आवाज. फ्रान्सच्या रने लाएनेक डॉक्टरने १८१६ साली नेमकं हेच केलं, एका बाईच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना म्हणून कागदाची गुंडाळी केली आणि आवाज उलट जास्तच स्पष्ट आला, मग त्याने लाकडाची नळी करून घेतली, तोच पहिला स्टेथोस्कोप. संकोचातून शोध लागतो हे लाजऱ्या मुलांना फार आवडतं. आवाज मोजून घ्या, दहा उड्या मारून परत मोजा.

स्वयंपाकघरातलं म्हणाल तर हळद. खायच्या सोड्याच्या पाण्याने कापसाच्या काडीने पांढऱ्या कागदावर निरोप लिहायचा, पूर्ण वाळू द्यायचा, वरून हळदीचं पाणी फिरवलं की अक्षरं लाल उमटतात, लिंबू लावलं की परत पिवळी. भिरंडाच्या (कोकमाच्या) आगळात सोडा टाकून बघा, फसफसतं आणि लाल रंग जाऊन काळपट-निळसर होतो. जास्वंद पण चालते. सोड्याने काय काय बदलतं याची यादी मुलं स्वतः करतात, कढीपासून शॅम्पूपर्यंत, फक्त घरातलं बाथरूम क्लीनर आणि ब्लीच या खेळात आणायचं नाही, ते कडक नियम म्हणून सांगा.

हळदीबरोबर आमच्या गोव्यातल्या माशेल गावची गोष्ट जाते. रघुनाथ माशेलकर १९४३ साली माशेलात जन्मले, मुंबईत हलाखीत वाढले. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं, म्हणजे आपल्या आजीने गुडघ्याला लावलेली हळद! सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेने, तेव्हा माशेलकर तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे काढून दाखवले आणि १९९७ ला ते पेटंट रद्द झालं. मुलांना इथे पुरावा म्हणजे काय हे विचारायचं. "आमची आजी लावायची" हे खरं असलं तरी तिकडे चाललं नसतं, लिहिलेलं दाखवावं लागलं. म्हणून वहीत तारीख घालायची, हे मी वेगळं कशाला सांगू, त्यांचं त्यांनाच पटतं.

पावसाळ्यात बाहेर पडलात तर लाजाळू आणि अळू पुरे. लाजाळूला पेन्सिलने एका टोकाला हळूच टोचा आणि पानं मिटायची लाट किती वेळात देठापर्यंत येते ते मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, मग जगदीशचंद्र बोस याच झाडामागे कसे लागले आणि झाडाची वाढ हजारो पट मोठी करून दाखवणारं यंत्र त्यांनी कसं बनवलं ते सांगा. अळवावरचं पाणी तर सगळ्यांना माहीत, पण पानाच्या अर्ध्या भागाला साबण चोळून परत थेंब टाकायला सांगितलंय का कोणाला? टाकून बघा.

आणि रामन. काचेच्या ग्लासात पाणी, दोन-चार थेंब दूध, अंधार करून मोबाइलचा टॉर्च. बाजूने बघितलं तर निळसर, समोरून टॉर्चकडे बघितलं तर नारिंगी. दूध जास्त झालं की नुसतंच पांढरं होतं, तेव्हा थेंब मोजून. १९२१ मध्ये बोटीवरून भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून सी. व्ही. रामन यांना प्रश्न पडला की हे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब कसं असेल, त्यांनी बोटीवरच निकोल प्रिझम (प्रतिबिंबाचा उजेड अडवणारा स्फटिक) डोळ्याला लावून प्रतिबिंब कापून बघितलं, निळा रंग तसाच. पुढे १९२८ चा प्रकाश विखुरण्याबद्दलचा शोध आणि १९३० चं नोबेल, हे सगळं समुद्रापासून सुरू झालं आणि आपल्या घरातून समुद्र दिसतो तरी तो निळा का हे आपण विचारत नाही. पण रामनची गोष्ट सांगाल तर कमला भागवतची, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींची, पण सांगाच. १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्याच रामननी बाई म्हणून तिला प्रवेश नाकारला, ती हटली नाही, शेवटी अटी घालून घेतलं, आणि १९३९ मध्ये केंब्रिजहून ती पीएचडी झाली. नंतर तिने नीरेवर काम केलं, आपल्याकडे माड आहेतच. मोठा माणूस चुकीचा वागू शकतो हे मुलांना कळलं तर बिघडत नाही, माझ्या मते मुली हीच गोष्ट जास्त लक्षात ठेवतात.

गोष्ट सांगताना एक पथ्य पाळा, सफरचंद पडलं, बाथटबमधून पळाला, हे इतकं झिजलंय की मुलं शेवट आधीच सांगतात. शोधकाकडे काय नव्हतं, कुठे अडला, कोणाचं बघून पुढे गेला, एवढंच सांगा, पाच मिनिटांत संपवा. उत्तर माहीत नसेल तर "बघूया" म्हणा आणि खरंच बघा. भिंतीच्या प्लगला हात नाही, मेणबत्ती आणि भिंग मोठ्यांसमोरच, भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, एवढे नियम पहिल्या दिवशीच.

मोठी मुलं, १२-१३ ची, थोड्या दिवसांत याला कंटाळतात, त्यांना सरळ दिवाळीला नरकासुराचा मोठा पुतळा बनवणाऱ्या टोळीत पाठवा. भंगारवाल्याकडून गाडीची वायपर मोटर आणायची, ती १२ व्होल्टवर चालते, आणि नरकासुराचा हात वर-खाली हलवायचा. मोटर तर नुसती गोल फिरते, मग हात वर-खाली कसा होणार? दोन दिवस डोकं खाजवू द्या. मग जेम्स वॅटचं सांगा, त्याचा प्रश्न बरोबर उलटा होता, इंजिनाचा दांडा वर-खाली व्हायचा आणि त्याला चाक फिरवायचं होतं. त्यासाठी सोपा उपाय क्रँक, म्हणजे सायकलच्या पेडलसारखा चाकाला जोडलेला दांडा, पण १७८० मध्ये जेम्स पिकार्डने क्रँक वापरायचं पेटंट घेऊन टाकलेलं, म्हणून वॅटने १७८१ मध्ये एका दातेरी चाकाभोवती दुसरं फिरवायची भलतीच जुळणी केली. तुमच्या पोरांना पेटंटची अडचण नाही, जुन्या सायकलचं पेडल आहे, बांबू आहे, तार आहे, आणि दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत वेळ आहे.