फाइलीत ‘अनाथ’ लिहिलंय? आधी तारखा जुळवा

बडोद्याहून परदेशी दत्तक गेलेल्या कुणाची जुनी फाइल हाती आली, की ‘अनाथ’ हा शब्द शेवटचं उत्तर समजू नका. दक्षिण कोरियात याच शब्दानं घात केला. आईबाप हयात असलेल्या मुलांच्या नावानंही तिथं ‘अनाथ होजोक’, म्हणजे एकट्या मुलाची कुटुंबनोंद, काढली जाई. मग पालकांच्या संमतीचा प्रश्नच उरत नसे. २६ मार्च २०२५ ला तिथल्या सत्य व सलोखा आयोगानं, म्हणजे जुन्या अन्यायांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगानं, परदेशी दत्तकाची ९८ प्रकरणं तपासून ५६ जणांवर अन्याय झाल्याचं मान्य केलं. उरलेली ४२ पुरेशा कागदांअभावी लांबणीवर पडली.

म्हणून कागद आधी गोळा करा. पानांच्या मागच्या बाजू, शिक्के, पाकिटंसुद्धा. दत्तक घेणाऱ्या परदेशी जोडप्याला इथलं न्यायालय १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचे कायदेशीर पालक नेमत असे, त्यामुळे त्या आदेशावरचा खटला क्रमांक सापडला तर जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करता येतो.

मग एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, कुणी लिहिलं, त्याला कुणी सांगितलं. चौथा रकाना बहुधा रिकामा राहतो, आणि खरी गोम तिथंच असते. मूल ‘रस्त्यावर सापडलं’ असं एका पानावर आणि आईचं वय, वडिलांचा धंदा दुसऱ्या पानावर असेल, तर दोन्ही खरं कसं? सापडलेल्या मुलाची पोलिसांत ‘जाणवाजोग’ नोंद, म्हणजे गुन्हा न नोंदवता केलेली माहितीपुरती नोंद, असायला हवी. ठाण्याचं नाव आणि नोंद क्रमांक शोधा.

वजनाकडे विशेष लक्ष द्या. तान्हं बाळ पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं, पुढं दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं. संस्थेत दाखल होताना २.१ किलो आणि तीन आठवड्यांनी ३.९ किलो असेल, तर आकडा चुकला असेल किंवा मूलच वेगळं असेल. कोरियात एखादं मूल दगावलं किंवा घरच्यांनी परत नेलं, तर त्याच्याच कागदांवर दुसरं पाठवल्याचे प्रकार घडले. फोटोंत कानाची ठेवण आणि जन्मखूण ताडून पाहा.

मात्र प्रत्येक विसंगती म्हणजे लबाडी नव्हे. जन्मतारीख अंदाजानं लिहिण्याची पद्धत होती. मूळ गुजराती पान जरूर वाचा: गुजराती पाचाचा आकडा ‘प’सारखा दिसतो आणि भाषांतरात तारखा बिघडतात.

आईचं नाव-पत्ता मिळाला तरी त्या गल्लीत विचारपूस करू नका. शेजारीपाजारी, सासर, कुणालाच ठाऊक नसेल. मुळांच्या शोधाचा अर्ज १८ वर्षांवरील दत्तक व्यक्तीनं स्वतः ‘कारा’कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे, करायचा, तिऱ्हाइताला, नातेवाइकालाही, परवानगी नाही. तुम्ही तक्ता आणि कागदांच्या प्रती त्या व्यक्तीच्या हाती द्या.