कमी पैशात कॅफेची कॉफी: विकत काय घ्यावं, घरी काय करावं

कॅफेतल्या मोठ्या ग्लासभर लातेमध्ये कॉफी असते जेमतेम ६० मिली. उरलेलं सगळं दूध, आणि आइस्ड असेल तर दूध आणि बर्फ. भाव मात्र ग्लासाच्या उंचीप्रमाणे चढतो. म्हणून मेन्यू कार्ड वाचताना एवढंच बघायचं: यात यंत्राचं काम किती आणि दुधाचं किती? एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेला कॉफीचा दाट अर्क, त्याला ९ बारच्या आसपास (हवेच्या दाबाच्या नऊपट) दाब लागतो. तो घरच्या ओट्यावर येत नाही, तेव्हा त्यासाठी दुकानात पैसे मोजणं रास्त आहे. कोल्ड कॉफी, फिल्टर कॉफी, फेसाळ गरम कॉफी, कोल्ड ब्रू (गार पाण्यात तासनतास मुरवलेली कॉफी) यांपैकी कशालाच तसलं यंत्र लागत नाही.

काउंटरवर

साइज लहान घ्यावा. बऱ्याच ठिकाणी मधल्या आणि मोठ्या कपात एस्प्रेसो तेवढाच असतो, वाढतं ते दूध. ‘यात शॉट (एस्प्रेसोची मापं) किती?’ असं सरळ विचारावं, सांगतात. कॉफीची चव हवी असेल तर लहान कॅपुचिनो, म्हणजे एस्प्रेसोवर थोडं फेसाळ दूध. बिनदुधाची चालत असेल तर डबल एस्प्रेसो आणि वेगळं गरम पाणी मागावं, ते मिसळलं की झाला अमेरिकानो. सगळ्यात महाग पडतो तो फ्रापे: बर्फाचा चुरा, सिरप, वर व्हिप्ड क्रीम आणि तळाशी चवीपुरती कॉफी. दोघं असाल आणि कार्डावर फ्रेंच प्रेस (दांडीची जाळी दाबून गाळलेली भांडंभर कॉफी) असेल तर एकच मागवा, दोन लहान कप सहज निघतात.

बिलातल्या दोन ओळी बघायच्या. जीएसटी सहसा ५ टक्के असतो आणि तो टळत नाही; कार्डावरच्या भावात तो धरलाय का, एवढं आधी बघून ठेवावं. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. ‘सर्व्हिस चार्ज काढा’ म्हणायला लाजू नये. पाण्याची सीलबंद बाटली न मागता टेबलावर आली तर ‘साधं पाणी द्या’ म्हणावं. आणि गरम कॉफी ॲपवरून कधीच मागवू नये. डिलिव्हरी आणि पॅकिंगचे पैसे वर लागतात आणि दारात येईपर्यंत फेस बसलेला असतो.

नुसतं बसून गप्पाच मारायच्या असतील तर कॅफेच कशाला हवा? माटुंग्याची उडपी हॉटेलं किंवा पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली, रूपाली इथे फिल्टर कॉफी कॅफेपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. गर्दीच्या वेळी तिथे रेंगाळू देत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

फिल्टर कॉफी

स्टीलचा दोन मजली फिल्टर एकदाच घ्यावा लागतो, वर्षानुवर्षं टिकतो. कॉफी ८० टक्के आणि चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड) २० टक्के असलेली पावडर आणा. चिकोरी ४० टक्क्यांवर गेली की रंग गडद येतो, पण चव काढ्याकडे झुकते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचून घ्या.

तीन कपांसाठी २० ग्रॅम पावडर, म्हणजे पोह्याच्या चमच्याने ३ चमचे भरून. वरच्या भांड्यात घालून फिल्टर बाजूने दोनदा हलकेच ठोका, म्हणजे पावडर सारखी बसेल. दांडीची चकती वर नुसती टेकवा. उकळी आलेलं पाणी गॅसवरून उतरवून अर्धा मिनिट थांबा आणि त्यातलं १३० मिली गोल फिरवत ओता. झाकण लावून २० ते २५ मिनिटं हात लावू नका. पावडर आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी पिते, त्यामुळे खाली ९० मिली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरतं. कपाला ३० मिली डिकॉक्शन आणि १०० मिली कडक गरम दूध. दूध डिकॉक्शनमध्ये ओतायचं. मिसळल्यावर पुन्हा गॅसवर चढवलं की कॉफी कडवट होते.

बिघडतं ते बहुधा दोन जागी. पाणी दोन मिनिटांत सरसर उतरलं तर पावडर जाड आहे किंवा सैल बसलीय. डिकॉक्शन चहासारखं पातळ येतं. तासाभराने थेंबही नसेल तर चकती जोरात दाबली गेलीय किंवा पावडर फार बारीक आहे. चिकोरी पाण्यात फुगते आणि भोकं बुजवते. अशा वेळी चकती किंचित उचलून परत टेकवावी. वरून आणखी पाणी ओतून काही होत नाही, डिकॉक्शन पाणचट होतं एवढंच. धुताना भोकं उजेडात धरून बघा. बुजलेली असली तर कोरडं भांडं बारीक गॅसवर मिनिटभर तापवलं की अडकलेला चोथा जळून सुटतो.

दूध लिटरला ७० आणि पावडर किलोला ८०० रुपये धरली, तर कप साखरेसकट १३ रुपयांच्या आसपास पडतो.

कोल्ड कॉफी

पुण्यात कोथरूडच्या दुर्गा कॅफेपाशी ज्या दाट कोल्ड कॉफीसाठी गर्दी असते, त्या धाटणीची कॉफी घरी जमते. अट एकच, बर्फ पाण्याचा नको. तो वितळला की शेवटचे चार घोट फिके होतात.

१. आदल्या रात्री सायीच्या दुधातलं १०० मिली बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. १५० मिली दूध फ्रीजमध्ये ठेवा.
२. इन्स्टंट कॉफी दीड छोटा चमचा आणि साखर २ ते ३ छोटे चमचे, ३० मिली गरम पाण्यात पूर्ण विरघळवून गार करा.
३. आधी दूध आणि कॉफी मिक्सरमध्ये १५ सेकंद, मग दुधाचे खडे घालून थांबत थांबत अर्धा मिनिट.

कोरडी पावडर थेट गार दुधात टाकली की तिच्या गुठळ्या तरंगतात आणि घोटाघोटाला कडू लागतात, म्हणून दुसरी पायरी चुकवू नये. मिक्सर सलग फिरवत ठेवला तर भांडं तापतं आणि दाटपणा जातो. आणखी दाट हवी तर व्हॅनिला आइस्क्रीमचा एक लहान कप घाला आणि साखर एका चमच्यावर आणा. आइस्क्रीमशिवाय ग्लास २५ ते ३० रुपयांत होतो.

इन्स्टंटमध्येही फरक आहे. ब्रू आणि सनराईजमध्ये ३० टक्के चिकोरी असते, नेसकॅफे क्लासिकमध्ये नसते. दूध-साखरेच्या कोल्ड कॉफीला चिकोरीवाली चांगली लागते, बिनदुधाच्या कॉफीत ती मातकट वाटते.

फेसाळ गरम कॉफी

एक चमचा इन्स्टंट, एक चमचा साखर, पाण्याचे मोजून ६-७ थेंब. चमच्याने फेटत रंग फिकट बदामी होईपर्यंत. ४-५ मिनिटं लागतात. मग वरून गरम दूध ओतायचं. पाणी जास्त झालं की फेटलंच जात नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डालगोना म्हणून गाजली ती हीच जुनी फेटलेली कॉफी. फिल्टरची पावडर फेटायला घेऊ नका, ती विरघळत नाही.

दुधाला फेस आणायचा तर साय गाळून काढा, ती फेस मोडते. बोट जेमतेम टेकवता येईल इतपत गरम दूध झाकणाच्या बरणीत एक तृतीयांश भरून ४० सेकंद जोरात हलवा. उकळतं दूध बंद बरणीत अजिबात हलवू नये. वाफेने झाकण उडतं आणि हात भाजतो.

कोल्ड ब्रू

दुकानात याचे जे पैसे घेतात ते मुख्यतः वाट बघण्याचे. लापशी रव्याइतकी जाड दळलेली, चिकोरी नसलेली ५० ग्रॅम कॉफी, ४०० मिली साधं पाणी, फ्रीजमध्ये १५ तास. मलमलीतून न पिळता गाळा. पिळलं की गाळ उतरतो. ३०० मिली अर्क मिळतो. प्यायच्या वेळी तेवढंच पाणी किंवा दूध घाला. आठवडाभर टिकतो, दूध न मिसळता.

भाजल्याची तारीख छापलेलं २५० ग्रॅमचं पाकीट आणावं. स्वस्त पडतं म्हणून किलोभर आणलं तर निम्म्या कॉफीचा वास उडून जातो. चिखलदऱ्याला गेलात तर तिथली कॉफी जरूर आणा, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मुख्यतः तिथेच. पावडर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून लांब ठेवा. रोज उघडायचा डबा फ्रीजमध्ये नको: प्रत्येक वेळी आत दमट हवा शिरते आणि आठवड्यात पावडरीला खडे धरतात.