ड्रायर फिरतो, पण तापत नाही : दुरुस्ती कशी करावी

ड्रम फिरतोय, टायमर पुढे सरकतोय, आणि तासाभराने दार उघडावं तर कपडे ओलेच. असं झालं की कुणीतरी लगेच सांगतं, ‘एलिमेंट (हवा तापवणारी तार) गेलाय, बदलून टाका.’ एवढ्यावरून पार्ट मागवू नका. कित्येकदा एलिमेंट धडधाकट असतो.

हा लेख अमेरिका-कॅनडातल्या घरांत असतो त्या, गरम हवा डक्टमधून (हवेच्या नळीतून) घराबाहेर सोडणाऱ्या २४० व्होल्टच्या इलेक्ट्रिक ड्रायरबद्दल आहे. गॅसच्या ड्रायरला हात लावू नका, तिथे जाणकार माणूसच बोलवा.

सेटिंग ‘नो हीट’वर नाही ना, बघा. मग ब्रेकर. मोटर १२० व्होल्टवर चालते, एलिमेंटला मात्र १२०-१२० च्या दोन्ही लाइन मिळून २४० लागतात. त्यातली एक लाइन गेली की ड्रम फिरत राहतो आणि हवा थंडच येते. ट्रिप झालेल्या ब्रेकरचा खटका पुष्कळदा चालू असल्यासारखाच दिसतो. तो आधी पूर्ण बंद करा, मगच चालू करा. पुन्हा पडला तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आता प्लग काढा. इथून पुढचं सगळं काम प्लग काढूनच.

ड्रायर पुढे ओढा आणि मागचा डक्ट सोडवा. आत राखाडी लिंटचा (कपड्यांतून सुटलेल्या तंतूंचा) नमद्यासारखा थर बसलेला दिसला, तर बिघाडाचं मूळ बहुधा तिथेच आहे. हवा अडली की उष्णता आत कोंडते आणि संरक्षणासाठी बसवलेला फ्यूज जळतो. डक्ट तसाच ठेवून नवा फ्यूज बसवला तर तोही जळणार. प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉईलची घडीची नळी असेल तर फेकून द्या, ४ इंची पत्र्याचा कडक डक्ट घाला. सांधे फॉईल टेपने जोडा. आत टोक निघेल असा स्क्रू मारू नका, लिंट त्यालाच अडकतो. डक्टच्या घराबाहेरच्या टोकावरच्या झाकणाला जाळी असेल तर काढा. डक्टची लांबी साधारण ३५ फुटांच्या आत असावी, आणि काटकोनातल्या प्रत्येक वळणामागे त्यातले ५ फूट कमी धरावेत.

मशीन उघडताना हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. बहुतेक स्क्रू पाव इंची किंवा ५/१६ इंची षटकोनी डोक्याचे असतात. एकही वायर काढण्याआधी फोटो काढा.

आता मल्टिमीटर, म्हणजे पार्टचा रोध ओहममध्ये मोजणारा मीटर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई करू नका.

पहिली चूक म्हणजे वायरी जोडलेल्या ठेवून मोजणं. करंटला मोटरच्या वाइंडिंगमधून किंवा टायमरमधून दुसरी वाट मिळते, आणि जळलेला पार्टही चांगला असल्यासारखा दिसतो. जो पार्ट मोजायचा त्याची निदान एक वायर काढाच. काढताना वायर ओढू नका. टर्मिनलचा धातूचा भाग बारीक पक्कडीत धरून सरळ मागे ओढा. टर्मिनल तपकिरी पडून सैल झालं असेल तर ते बदला, नाहीतर नवा पार्टही त्याच जागी जळेल.

दुसरी चूक म्हणजे नुसत्या ‘बीप’वर विसंबणं. शून्य ओहमला मीटर बीप देतो, तसा दहा ओहमलाही देतो. २०० ओहमची रेंज लावा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लक्षात ठेवा आणि तो प्रत्येक मोजणीतून वजा करा.

जास्त तापलं की वीज तोडणारे तीन पार्ट असतात : थर्मल फ्यूज ब्लोअरच्या (हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) कवचावर, कट-ऑफ आणि हाय-लिमिट थर्मोस्टॅट हीटरच्या डब्यावर. थंड असताना तिघेही जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवेत. मीटरवर ‘ओएल’ किंवा डावीकडे नुसता ‘१’ आला, तर तो पार्ट गेला. काही मॉडेलांत थर्मल फ्यूज गेला की मोटरच चालू होत नाही. तुमचा ड्रम फिरत असेल तर अशा मॉडेलात आधी कट-ऑफवर संशय घ्या.

तापमान राखण्यासाठी हीटर चालू-बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटला पुष्कळदा चार टर्मिनल असतात. मोजायची ती दोन मोठी. लहान दोनांमध्ये आतला छोटा हीटर असतो. तिथे हजारो ओहम दिसतात, आणि ते पाहून लोक चांगला थर्मोस्टॅट फेकून देतात.

एलिमेंट किती ओहम दाखवायला हवा ते स्वतः काढा : व्होल्टचा वर्ग भागिले वॉट. २४० व्होल्ट आणि ५४०० वॉट असेल तर १०.७ ओहमच्या आसपास. पुण्या-मुंबईत पावसाळ्यासाठी घेतलेला २३० व्होल्टचा, २००० वॉटचा ड्रायर असेल तर साधारण २६. मग दोन्ही वायरी काढून एक प्रोब एलिमेंटच्या टर्मिनलला आणि दुसरा हीटरच्या उघड्या पत्र्याला लावा. इथे काहीही आकडा आला तर तार तुटून किंवा लोंबून पत्र्याला टेकली आहे. असा एलिमेंट ‘नो हीट’वरही तापू शकतो. तुटलेली तार पीळ देऊन जोडू नका, बदलाच.

जळलेला फ्यूज वायरने जोडून ड्रायर ‘चालू करून’ देणारे भेटतात. मी हे एका फेरीपुरतंही करू देणार नाही. लिंट आणि तापलेली तार यांच्यामध्ये ते शेवटचं संरक्षण असतं. कट-ऑफ गेला असेल तर हाय-लिमिटसकट जोडीनेच बदला. पार्ट मॉडेल नंबरवरूनच घ्या, दिसायला सारख्या थर्मोस्टॅटचं तापमान वेगळं असू शकतं.

फोटोप्रमाणे वायरी लावा, पॅनल बसवा, डक्ट जोडा आणि रिकामा ड्रायर पूर्ण उष्णतेवर दहा मिनिटं चालवा. बाहेर जाऊन बघा : झाकण पूर्ण उघडलेलं आणि हवेचा झोत जोरदार, गरम असायला हवा. झाकण अर्धवटच उघडत असेल तर डक्टमध्ये अजून अडथळा आहे. ड्रायर बंद करा आणि अडथळा काढल्याशिवाय त्यात कपडे टाकू नका.